मम्मीच्या मापाचं पुस्तक



पेणमध्ये स्वेटर कोण घालतं? डिसेंबरात पहाटे देरासरला जाताना दोन-चार म्हाताऱ्या शाल गुंडाळतात, तेवढीच आपली थंडी. माझ्या कपाटात स्वेटर नाही, सासूबाईंच्या नाही. आणि रोह्याला, माझ्या माहेरी, मम्मीकडेही नाही. मम्मीकडे नाही हे मात्र मला यंदा पहिल्यांदा खटकलं, कारण सगळ्या घराला स्वेटर विणून देणारी तीच.

मम्मी मूळची पाली जिल्ह्यातली. आपल्या बल्लाळेश्वराचं पाली नव्हे, राजस्थानातलं. तिथे पोष महिन्यात हाडं वाजतात. ती तिथेच सुया धरायला शिकली. लग्न होऊन रोह्याला आली तेव्हा सामानात सुयांचे चार जोड होते आणि इथे हवा अशी, की लोकर हातात घेतली तर घामाने बोटांना चिकटते. तरी ती विणत राहिली, भावांसाठी. दर दिवाळीनंतर गावाकडे पार्सल जायचं. स्वतःसाठी विणण्याचं कारणच पडलं नाही. थंडीत ती गावी कधी जायचीच नाही, दुकानाचा सीझन असायचा.

यंदा कार्तिकी पौर्णिमेनंतर आमच्याकडून शिखरजीचा संघ निघतोय आणि मम्मीने नाव दिलंय. वय 71. ज्या गेल्या आहेत त्यांना माहीत आहे, मधुबनमधून मध्यरात्रीनंतर चढायला सुरुवात होते. डोंगर 1365 मीटर उंच. नऊ कोस म्हणतात तो चढ-फिर-उतार मिळून 27 किलोमीटर होतो. मम्मी डोलीने जाणार, म्हणजे चालून अंग तापणार नाही, बसल्या जागी गार वारा लागणार. वहिनी म्हणाली, ऑनलाइन मागवू. मी म्हटलं, थांब, मी विणते. शाळेत असताना मम्मीने मला मफलरपर्यंत आणलं होतं, पुढे मी सोडलं. आता मम्मीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, एक डोळा झालाय, दुसरा बाकी आहे. ती सांगू शकते, टाके पाहू शकत नाही. म्हणजे पुस्तक हवं.

इथून माझी फजिती सुरू झाली.

पहिलं पुस्तक घेतलं ते सुंदर होतं म्हणून. अमेरिकन, जाड कागद, फोटोतली बाई लाकडी घराच्या ओट्यावर वाफाळता कप घेऊन बसलेली. त्यातलं एक पुढून उघडं स्वेटर मला आवडलं. 8 नंबरची सुई, 4 इंचात 18 टाके, 40 इंचाच्या मापाला पाठीचे 90 टाके. मम्मीच्या जुन्या डब्यात 8 नंबरचा जोड होताच. पेणहून रोह्याच्या गाडीत बसायचं, कासू, नागोठणे जाईपर्यंत सहा-सात सुया व्हायच्या. पर्युषणाचे आठ दिवस सगळं पिशवीत बांधून ठेवलं आणि गणपतीनंतर पाठ पूर्ण करून मम्मीच्या पाठीला लावली. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं ब्लाउज दिसत होता. मम्मी हाताने चाचपून म्हणाली, "हे कोणाचं? नातीचं का?"

चूक माझ्या हाताची नव्हती, नंबराची होती, आणि हे कोणी तरी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं म्हणून इथे सविस्तर लिहिते. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या इंग्लंडच्या पद्धतीचे आहेत. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकेत बरोबर उलटं, नंबर मोठा तर सुई जाड. आपली 8 नंबरची सुई 4 मिलिमीटर, त्यांची 8 नंबरची 5 मिलिमीटर. आपली 10 म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, त्यांची 10 म्हणजे तब्बल 6. मी बारीक सुईवर, आपल्या नेहमीच्या लोकरीत विणलं, 4 इंचात 18 ऐवजी 22 टाके बसले, आणि 20 इंचाची पाठ साडेसोळाच्याही आत आली. पुस्तक हातात घेतलं की चित्रं नंतर पाहा. आधी सुईचं माप मिलिमीटरमध्ये दिलंय का ते पाहा. नसेल तर पुस्तक कुठल्या देशाचं आहे ते पाहा. आणि चार इंचाचा नमुना विणून मोजल्याशिवाय पहिला टाका घालू नका. मी नमुना विणला नव्हता. आळस, दुसरं काय.

पाठ उसवली. मम्मीने गुडघ्यावर लोकर गुंडाळून घेतली. त्याला डोळे लागत नाहीत.

दुसरं पुस्तक सुनेने आणलं, थंड देशांतल्या नक्ष्यांचं. रंगीत लोकरीत छातीवर बर्फाच्या चांदण्या, सांबरांची रांग, लहान मुलांच्या स्वेटरवर बदकं. मला मोह झाला. सासूबाईंनी पुस्तक लांब धरून पाहिलं आणि विचारलं, "उद्या उसवायची वेळ आली तर बदकाची मान आधी उसवणार की पाय?" सून हसली. मी हसले नाही. यशोधर राजाची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. कोंबडा पिठाचा होता, तरी मारण्याचा भाव खरा होता, आणि त्या भावाने मायलेकाला किती जन्म फिरवलं. लोकरीचं बदक विणताना मारण्याचा भाव नसतो हे मला कळतं, म्हणून ज्यांच्या नातवांच्या स्वेटरवर बदकं आहेत त्यांना दोष लागला असं मी म्हणणार नाही. पण शिखरजीला जायच्या कपड्यावर जीवाचं चित्र घालून ते पुढे पिळायचं, धोपटायचं, फाडून पायपुसणं करायचं, हे मलाही नको वाटलं. नक्षी पानाफुलांची, जाळीची, वेणीची भरपूर असते.

या पुस्तकांत साहित्याची यादी बारीक वाचायला हवी, हेही तेव्हाच लक्षात आलं. लोकरीत रेशीम मिसळलेलं असतं, अंगोरा म्हणजे सशाचे केस. बटणं चामड्याची, शिंगाची, शिंपल्याची सुचवलेली असतात. बटणाकडे आपलं लक्षच जात नाही. मी करवंटीची घेतली, कोकणात त्याला काय तोटा.

लोकरीचं काय, हा प्रश्न त्याहून अवघड. मम्मीचं म्हणणं सरळ आहे : साधू-साध्वींच्या खांद्यावर कामळी लोकरीची, ओघ्याच्या दशा लोकरीच्या, आपलं कटासणं लोकरीचं, मग स्वेटरला काय झालं? मेंढी कातरली म्हणून मरत नाही. मी तिला म्युलसिंगबद्दल सांगितलं. ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांच्या मागच्या भागाची कातडीच कापतात, माश्यांनी अंडी घालू नयेत म्हणून. न्यूझीलंडने 2018 पासून ते बंद केलं. मम्मी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्याकडे असं नव्हतं." तिच्या गावात मेंढ्या दारावरून जायच्या.

पण मला खरी काळजी मेंढीपेक्षा कसरीची होती. आपल्याकडच्या पावसात कपाट उघडलं की ओल येते. लोकर ठेवली की कसर लागते. आणि कसर लागली की एक तर कपडा जातो, नाही तर डांबरगोळ्या टाकून आपण जीव मारतो. मम्मीने कटासणं वर्षानुवर्षं कडुलिंबाच्या पाल्यात आणि उन्हात सांभाळलं, एक गोळी टाकली नाही. तिची जयणा माझ्यात नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी ॲक्रिलिक घेतलं. आता ॲक्रिलिक म्हणजे प्लॅस्टिकच, धुताना बारीक तंतू पाण्यात जातात, ते पाणी नदीला जातं आणि नदीतल्या जीवांना ते कसं असेल, हाही विचार डोक्यात आला. निर्दोष धागा मला सापडला नाही. कमी दोषाचा वाटला तो घेतला, आणि हे स्वेटर महिन्यातून एकदाच धुवायचं असं मम्मीला सांगून ठेवलं. गंमत म्हणजे लेबलवर नाव वर्धमान. लुधियानाची ही कंपनी ओसवाल जैन घराण्याची, 1965 पासूनची. मम्मीने ते ऐकून गुंडा हातात घेतला आणि म्हणाली, "मग हरकत नाही." मी तिला सांगितलं, भगवंतांचं नाव आहे म्हणून ॲक्रिलिकचा दोष जात नाही. ती म्हणाली, "ते मलाही कळतं, तू टाके मोज."

धागा ठरला, पुस्तक अजून नव्हतंच. पुण्याला गेले तेव्हा भाचीने एलिझाबेथ झिमरमनचं 'निटिंग विदाउट टिअर्स' दाखवलं, 1971 चं. या बाईंचं मला फार आवडलं. स्वेटरचे ठरावीक आकडे पाठ करू नका म्हणतात, आपला नमुना मोजा, छातीच्या टाक्यांना शंभर धरा, मग बाही किती, मनगट किती, सगळं त्या शंभराच्या हिशोबात काढा. पण त्यांची पद्धत गोल सुईवर बिनशिवणीचं विणायची, डोक्यातून घालायचं. मम्मीला पदर, अंबाडा सांभाळून डोलीत बसल्या बसल्या काढता-घालता यायला हवं. ऊन आलं की काढायचंच. तिला पुढून उघडंच पाहिजे.

शेवटी मम्मीच म्हणाली, "माझा कागद कुठे गेला?"

माळ्यावरच्या पेटीतून निघाला. कागद म्हणजे हिंदी मासिकाच्या बुनाई विशेषांकाची सोळा पानं, कव्हर नाही, कडा खाल्लेल्या. बाई पुढून उघड्या स्वेटरमध्ये, केस त्या काळच्या फॅशनचे. माप एकच, 32 इंच. सलाई 10 नंबर, पाठीला 96 फंदे. ही त्या विशेषांकांची खोड : एका फोटोतल्या एका बाईचं माप देतात, बाकीच्यांनी काय करायचं ते सांगत नाहीत. पण सुईचा नंबर आपला, शब्द आपल्या ओळखीचे, आणि नक्षी सहा टाक्यांची. मम्मीने समासात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. 108, पुढे धाकट्या मामांचं नाव. 114, मधले. 120, थोरले. दर सहा टाक्यांनी एक इंच, छाती दोन इंच वाढली की पाठीला सहा टाके. मुंढ्याशी किती कमी करायचे तेही प्रत्येकाचं वेगळं. मधल्या मामांच्या पुढे एक बाण काढून लिहिलं होतं, "हात लांब."

मम्मीची छाती 36. साडी-ब्लाउजवरून घालायचं म्हणून मी चार इंच सोडले, 40 झाले. म्हणजे 120. मी मोठ्याने वाचलं. मम्मी म्हणाली, "बघ, मी मोठ्या भाईएवढी झाले." थोरले मामा जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचं स्वेटर अजून मामींकडे आहे.

या वेळी नमुना विणला. 10 नंबरवर, 4 इंचात 24 टाके, अगदी समासातल्या हिशोबाचे. त्या पानांत बाही फोटोतल्या बाईच्या हाताची होती. तिथे मी झिमरमनबाईंचा हिशोब उसना घेतला आणि मग मम्मीच्या दंडावर सुतळी धरून पुन्हा मोजलं. दोन्हींत दोन टाक्यांचा फरक आला. सुतळीचं धरलं.

एक कबुली द्यायची आहे. सामायिकात बसल्यावर मनात टाके चालायचे. मनाचे दहा दोष आपण पाठ करतो, त्यात दोन उलट-दोन सुलट कुठे बसतं ते तुम्हीच ठरवा. 48 मिनिटांत मी एकदा अख्खा मुंढा मनात कमी करून उठले. मग नियम केला, सामायिकाच्या आधी तासभर सुई धरायची नाही. थोडा फरक पडलाय.

आता पाठ, पुढचे दोन भाग आणि एक बाही झाली आहे. परवा रोह्याला जाऊन मम्मीला घालून पाहिलं. तिने आधी खांदे चाचपले, मग काजं मोजली, मग हात खिशात घातला. खिसा मी नवकारवाळी मावेल एवढा केला होता, 26 टाक्यांचा.

"गोळ्यांची डबी कुठे ठेवू?" म्हणाली.

खिसा उसवला. 34 टाके घातले आहेत.