गोठ्यापर्यंतचा उजेड

पुण्याहून निघून ताम्हिणीचा घाट उतरला, माणगाव आणि म्हसळा मागे पडले, बोर्लीपंचतनचा बाजार ओलांडला, की खारा वारा गाडीत शिरतो आणि आमच्या मंडळींना समुद्राचे वेध लागतात. मला वेध लागतात ते दिवेआगरच्या काकांच्या वाडीचे. रस्त्यालगत कौलारू घर, मागे नारळी-पोफळी, आणि वाडीच्या टोकाला, घरापासून पन्नासेक पावलांवर, जुना गोठा. एके काळी तिथे रहाटाचे बैल बांधत. रहाट गेला, विहिरीवर पंप बसला, बैलांच्या जागी चुलतभावाचा टेम्पो आला; पण नाव गोठाच राहिले. ‘टेम्पो नीट बांधून ये रे,’ असे काकू अजूनही बिनदिक्कत सांगतात!

या गोठ्यात वीज नेली ती आजोबांनी. खांबांचा खर्च कशाला, म्हणून त्यांनी पोफळीवरून पोफळीवर वायर ओढली. लहानपणी सुट्टीत त्या वायरीवर बसलेले खंड्ये मोजणे हा आमचा उद्योग असे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. काही तासांत काकांच्या बहुतेक पोफळी मोडून पडल्या. वीज गेली ती कित्येक दिवस. आडव्या झाडांखाली गोठ्याची वायर गाडली गेली, आणि घरातले तिचे बटण मात्र चालूच राहिले. ते बंद करायचे कुणाला सुचणार? घरात उजेडच नव्हता.

एका रात्री वीज आली. सारे घर आनंदले. सकाळी काकांचा मोती वाडीत गेला तो परत आला नाही. त्याला हाका मारत काका ओल्या मातीत पाय ठेवणार, तोच चुलतभावाने त्यांचा हात धरून मागे ओढले. म्हणून आज काका आहेत.

‘‘पण फ्यूज कसा उडाला नाही?’’ मी पुढे वायरमनला विचारले.

‘‘सर, फ्यूज असतो वायर जळू नये म्हणून. ओल्या मातीत जेवढा करंट उतरतो, तेवढ्याने फ्यूज वितळत नाही. जीव मात्र जातो.’’

त्या दिवसापासून काका वाडीत उतरेनासे झाले. ओटीवर बसून समोरच्या रस्त्याकडे पाहत राहायचे. बटण आपण बंद करायला हवे होते, एवढेच एकदा बोलले.

२०२१ च्या जानेवारीत मी गेलो, तेव्हा जमिनीखालून केबल टाकायचे ठरले होते. वायरमनने घराच्या मागील भिंतीपासून गोठ्यापर्यंत सरळ दोरी धरली. मागच्या पडवीत उभे राहून काका पाहत होते. एकाएकी ते पायऱ्या उतरले.

‘‘इथून नाही. इथे पोफळी लावायच्या आहेत. उद्या आळे करताना फावडे लागेल.’’

चुलतभाऊ आणि मी एकमेकांकडे पाहत राहिलो. काकांनी काटक्या रोवून रोपांच्या जागा दाखवल्या आणि दोरी कुंपणाच्या कडेने वळवली. केबल पंधरा फूट जास्त लागली. पण त्या पंधरा फुटांचे पैसे देताना चुलतभावाला झालेला आनंद मी पाहिला आहे.

चर अडीच फूट खोल. जमीन पुळणीची, त्यामुळे कडा सारख्या ढासळत. तळाशी चाळलेली वाळू, तिच्यावर पोलादी तारांचे चिलखत घातलेली केबल, पुन्हा वाळू, वर विटांची रांग आणि त्यावर धोक्याची लाल पट्टी: पुढे कुणी खणलेच, तर आधी पट्टी दिसावी, मग वीट लागावी. टेम्पो जिथून वळतो तिथे केबल जाड नळीतून नेली. लांबच्या पल्ल्यात दाब पडू नये म्हणून तार एक माप जाड घेतली. चिलखत अर्थिंगला जोडले. घरात गळतीचा वेगळा ब्रेकर बसला. तीस मिलीअँपिअरएवढी वीज जमिनीत उतरली तरी तो खटकन पडतो. वायरमनने चाचणीचे बटण दाबून दाखवले. काकांनी ते आणखी तीनदा दाबून पाहिले!

माती लोटण्यापूर्वी काकांनी टेप मागवला. सुपारीच्या हिशेबाच्या वहीत कुंपणापासून किती फूट, कुठे वळण, सारे मांडले. ‘‘आम्ही नसलो, तरी खणणाऱ्याला कळायला हवे,’’ ते म्हणाले.

त्या पोफळी आता माझ्या डोक्यावर गेल्या आहेत. गोठ्यात गुरे नाहीत, पण वसुबारसेला काकू तिथे पणती लावतात. आत विजेचा दिवा असतोच. आता पणती घेऊन पुढे चालतात ते काका.