जन्मस्थानाचा रकाना

आम्ही अडतीस वर्षे शाळामास्तरकी केली. त्या अवधीत मुलांचे पाढे, शुद्धलेखन आणि नखे यांवाचून फारसे काही तपासले नाही. आणि निवृत्त झाल्यावर आपले लिहिलेले कोणी तपासावयास येईल, असे तर स्वप्नातही आले नव्हते. परंतु २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्याच हस्ताक्षरातील एक शब्द आमच्या ओसरीवर येऊन उभा राहिला. तो शब्द म्हणजे एका गावाचे नाव. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, ‘जन्मस्थान’ या रकान्यात, तो आम्ही २०१० साली लिहिला होता. आणि तो खोटा होता.

हकीगत समजावयास थोडा भूगोल सांगितला पाहिजे. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेस अर्जुनी-मोरगाव हा तालुका आहे. नवेगावचा तलाव, इटियाडोहाचे धरण, धानाच्या बांध्या आणि मोहाची झाडे एवढे सांगितले म्हणजे झाडीपट्टीचा हा कोपरा वाचकांच्या डोळ्यांपुढे उभा राहील. येथील गावांची नावे जुनी, झाडाझुडपांवरून व तळ्यांवरून पडलेली. त्यांतच अरुणनगर, गौरनगर, पुष्पनगर, संजयनगर अशी काही निराळ्या वळणाची नावे आढळतात. त्या पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती होत. या लोकांपैकी पुष्कळांचे मूळ घर खुलना जिल्ह्यातले. खुलन्याचे दैव मोठे विचित्र. १५ ऑगस्ट १९४७ रोजी तेथे हिंदुस्थानचे निशाण चढले, आणि दोनच दिवसांनी रॅडक्लिफसाहेबांचा निवाडा प्रसिद्ध होऊन तो जिल्हा पाकिस्तानात गेला. पुढे १९६४ च्या जानेवारीत, काश्मीरातील हजरतबलच्या प्रकरणाचे निमित्त होऊन, खुलन्यात दंगल झाली, आणि माणसांचे लोंढे सीमेपलीकडून येऊ लागले. पश्चिम बंगालात जागा पुरेना, तेव्हा सरकारने कित्येकांस रायपूरजवळच्या माना छावणीत आणले आणि तेथून दंडकारण्यात व आमच्या विदर्भात वसविले. त्यांस जमीन मिळाली, कागद मिळाले. मासे आणि भात खाणारी ती माणसे आमच्या झाडीत रुजली, आणि त्यांची मुले आमच्या शाळांतून बाराखडी शिकू लागली.

पण नातेगोते काही सरकारच्या यादीप्रमाणे चालत नाही. भाऊ इकडे, तर बहीण तिकडे. यादी संपली तरी माणसे येतच राहिली. मात्र ही मागाहून आलेली माणसे कागदावाचून आली.

२०१० च्या जून महिन्यात शाळा नुकती उघडली होती. पावसाने दडी मारली होती, आणि वसाहतीतील एक शेतकरी आठ वर्षांच्या मुलाचा हात धरून आमच्याकडे आला. आम्ही त्या वेळी प्रभारी मुख्याध्यापक होतो. शेतकरी म्हणाला, “गुरुजी, हा माझा भाचा जी. याचं नाव टाका.” मुलाचा बाप खुलन्याकडेच वारला होता. आई बनगावच्या बाजूने, दलालास पैसे चारून, रात्री सीमा ओलांडून त्याला घेऊन आली होती. हे सारे त्याने काही न लपविता सांगितले. मुलगा आमच्या टेबलावरील पृथ्वीच्या गोलाकडे टक लावून पाहात होता.

आम्ही रजिस्टर उघडले. नाव लिहिले, जन्मतारीख मामाने सांगितली ती लिहिली. जन्मस्थानाच्या रकान्यापाशी मात्र लेखणी अडखळली. येथे ‘खुलना’ लिहावे तर उद्या कोणी पोलीस येईल, या बापडीस तुरुंगात घालील, पोराची शाळा तुटेल, असे आमच्या मनाने घेतले. आम्ही क्षणभर थांबलो आणि वसाहतीचे नाव लिहून मोकळे झालो. मामाने तसे मागितलेही नव्हते. त्यास ते वाचताही आले नाही. त्या दिवशी घरी जाताना आपण मोठे पुण्य जोडले, असे वाटून आमची छाती किंचित फुगली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

वास्तविक तसे करण्याचे काही कारण नव्हते. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला होता, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलास प्रवेश नाकारता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याचे परिपत्रक आमच्याच टेबलावर वजनाखाली पडून होते. आम्ही वाचले नव्हते.

मुलगा हुशार निघाला. आमच्याकडे सुटीच्या दिवशी येऊन ‘देव’ शब्द चालवावयास शिकला. उच्चारात बंगाली गोलाई राही, ती आम्हांस गोडच वाटे. पुढे तो पदवीधर झाला. मग सरकारी नोकरीच्या परीक्षेस बसावे म्हणून ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास’ यांचे प्रमाणपत्र काढावयास गेला, तेथे घोडे अडले. बापाचे कागद आणा, म्हणाले. बापाचे कागद कोठून आणणार? आणि मुलगा येथे जन्मला असे धरले, तरीही भागत नव्हते. आपल्याकडील कायदा असा आहे की, २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत जो या भूमीवर जन्मला, तो जन्मानेच नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याच्या आईबापांपैकी निदान एक नागरिक असावयास हवा. आणि ३ डिसेंबर २००४ पासून तर दोघेही नागरिक हवेत, अथवा एक नागरिक असून दुसरा चोरवाटेने आलेला नसावा. मुलगा २००२ चा. आईबाप दोघेही परदेशचे. म्हणजे आमच्या खोट्या शब्दाने त्यास कवडीचाही लाभ झाला नव्हता.

२०१९ साली नागरिकत्वाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि तिचे नियम ११ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झाले. अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती यांस, अकरा वर्षांऐवजी पाच वर्षांच्या वास्तव्यावर नागरिकत्व मागता येते. या कायद्यात धर्माचा उल्लेख यावा की न यावा, यावर देशात मोठा वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या वादात पडण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु याच तालुक्यात प्रतापगडाजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. ते बौद्ध असूनही त्यांचा देश त्या तिघांत नसल्याने त्यांना या कायद्याचा उपयोग नाही. त्यांच्यापैकी १९८७ पूर्वी येथे जन्मलेल्यांचा हक्क दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली एका तिबेटी मुलीच्या दाव्यात मान्य केला, आणि बाकीचे नोंदणीचे दाखले नूतन करीत बसतात. एकाच बाजारात भाजी घेणाऱ्या माणसांची अशी ही तीन-चार प्रकारची नाती सरकारशी आहेत.

तर तो मुलगा, आता बावीस वर्षांचा जवान, आमच्या ओसरीवर बसून म्हणाला, “गुरुजी, अर्ज करायचा म्हणतो. पण भीती वाटते.” ती भीती आम्हांस समजली. हा अर्ज करणे म्हणजे, आपण परके आहोत, असे स्वहस्ताने लिहून देणे. नामंजूर झाला तर पुढे काय, हे कोण सांगणार? वसाहतीतील कितीएक जण याच कारणाने अर्जाच्या वाटेस जात नाहीत. झाकली मूठ बरी, असा त्यांचा हिशेब, आणि तो सर्वस्वी मूर्खपणाचा आहे असे म्हणवत नाही.

कागद दोन प्रकारचे लागतात: एक, तो देश आपला होता याचा, दुसरा, अमुक तारखेच्या आत इकडे आलो याचा. पहिला कागद आईच्या पत्र्याच्या पेटीत होता. खुलन्याकडील जन्मनोंदणीचा तो बंगालीतील दाखला तिने पदराआड दडवून आणला होता. दुसऱ्यासाठी शाळेचा दाखला चालतो, आणि २०१४ च्या आधीचा शिक्क्याचा कागद म्हणून मुलापाशी तेवढाच होता. दोन्ही कागद शेजारी ठेवले. एका कागदाप्रमाणे मुलगा खुलन्यात जन्मला. दुसऱ्याप्रमाणे, आमच्या सुवाच्य अक्षरात, गोंदिया जिल्ह्यात. एकच मनुष्य दोन ठिकाणी जन्मला! आमचा शब्द पुढे प्रत्येक शाळेच्या रजिस्टरात उतरत गेला होता. शाळा सोडल्यावर ती नोंद बदलणे म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत हेलपाटे.

मुलाने आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. तो फक्त म्हणाला, “हे कोणी लिहिलं असेल, गुरुजी?” त्यास आमचे अक्षर ओळखू येत नव्हते काय? त्याची बाराखडी आम्हीच घटवून घेतली होती. आम्ही चष्मा पुसत बसलो, आणि अखेर म्हणालो, “आम्हीच.”

आमचेच एक जुने विद्यार्थी तालुक्याला वकिली करतात. त्यांनी सल्ला दिला की, नोंद कशी झाली याचे प्रतिज्ञापत्र गुरुजींनी द्यावे, ते अर्जास जोडू. घरी हे कळताच सौभाग्यवतींचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, “अहो, म्हातारपणी खोटी नोंद केली म्हणून आपणहून लिहून देणार? पेन्शनीवर गदा आली म्हणजे?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. तीन रात्री झोप लागली नाही. धर्मराजाचा रथ एका अर्धवट असत्याने जमिनीस टेकला, हे आम्ही मुलांस कितीदा रंगवून सांगितले असेल. आमचा रथ तर कधी वर उचललाच गेला नव्हता, हे त्या रात्री कळले. पुढे वकिलांनी सांगितले की, निवृत्तिवेतनाच्या नियमांप्रमाणे निवृत्त नोकरावर चार वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दल खात्याची नवी चौकशी लावता येत नाही. हे ऐकल्यावरच आमचा निश्चय झाला. आधी झाला असता तर येथे अधिक डौलाने लिहिता आले असते.

प्रतिज्ञापत्रात आम्ही लिहिले: मुलाच्या मामाने जन्मस्थान खुलना असेच सांगितले होते, कोणताही पुरावा न पाहता व कोणी न सांगता आम्ही दुसरे नाव लिहिले, आणि मुलगा जून २०१० पासून आमच्या शाळेत हजर होता. हजेरीबद्दल लिहिताना मात्र हात कापला नाही. याखेरीज या अर्जास आणखी एक प्रतिज्ञापत्र लागते: अर्जदाराचे शील चांगले आहे, अशी एका भारतीय नागरिकाची ग्वाही. तीही आम्हांसच द्यावयाची होती. ज्याने रजिस्टरात खोटे लिहिले त्याने दुसऱ्याच्या शीलाची हमी द्यावी, यावर वकील हसले, आम्हीही हसलो. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा येते, असेही अर्जदारास लिहून द्यावे लागते. बंगाली, मराठी, हिंदी या तिन्ही त्यास येत होत्या. संस्कृतही त्या सूचीत आहे, म्हणून तीही लिही असा आमचा आग्रह. मुलाने नम्रपणे नाकारले. “फक्त ‘देव’ येतो गुरुजी,” म्हणाला.

अर्ज संगणकावरून गेला. जिल्ह्याच्या समितीवर डाकखात्याचे अधिकारी प्रमुख असतात. तेथे मूळ कागद पाहून शपथ देतात, आणि मग प्रकरण जनगणनेच्या संचालकांच्या समितीकडे जाते. कागद पाहणाऱ्या गृहस्थाने आमचे प्रतिज्ञापत्र दोनदा वाचले, आमच्याकडे पाहिले आणि “बसा, गुरुजी” एवढेच म्हटले. २०२५ मध्ये मुलाचे व त्याच्या आईचे अशी दोन्ही प्रमाणपत्रे आली. कायद्याने असा मनुष्य भारतात पाऊल टाकल्या दिवसापासूनच नागरिक समजला जातो. म्हणजे त्या जून महिन्यात आमच्या टेबलापाशी उभा असलेला मुलगा, आजच्या हिशेबाने, नागरिकच होता.

येथे हकीगत संपती तर बरे होते. मुलाची आजी, म्हणजे बापाची आई, तिकडे एकटी राहिली होती. ती २०१७ साली आली, त्याच वाटेने. आमच्याशी तिचा विशेष लोभ. कोजागरीस बंगाली घरांतून लक्ष्मीची पूजा असते, आणि तिने वळलेले नारळाचे लाडू, ज्यांस ते नाडू म्हणतात, दर वर्षी आमच्याकडे येत. मुलाचे प्रमाणपत्र आल्यावर आठ दिवसांनी मामा आला. म्हणाला, “गुरुजी, आजी २०१३ ला आली, असं तुम्ही लिहून द्या. तुमच्या शब्दाला वजन आहे.”

आम्ही नाही म्हटले. दुसरा कागद नाही, तारीख खोटी. सापडली तर मुलाच्या प्रमाणपत्रावरही बालंट यावयाचे, हे सारे समजावून सांगितले. तो ऐकत राहिला. मग खाली पाहून बोलला, “तेव्हा आम्ही मागितलं नव्हतं, तर खोटं लिहिलं. आता मागतो, तर नाही म्हणता जी.”

यास आम्ही काय उत्तर द्यावे? दिले नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांविषयीचा नवा कायदा लागू झाला. त्याबरोबर निघालेल्या आदेशाने, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भयाने आश्रयास आलेल्या त्याच सहा समाजांच्या माणसांवर, पारपत्र नाही म्हणून खटला होणार नाही. आम्ही ते वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन मुद्दाम वसाहतीत गेलो. आजीला आता कोणी धरून नेणार नाही, एवढे सांगितले. ती नागरिक झाली काय, असे मामाने विचारले. नाही, म्हटले. मग कोण झाली? याचा शब्द आमच्या संग्रही नव्हता. आजी अंगणात नारळ खवीत होती. तिने मान वर केली नाही.

कोजागरीस डबा आला. नेहमी आजी स्वतः येऊन ओसरीवर टेकत असे, पानाचा विडा खात असे आणि आम्हांस न समजणाऱ्या भाषेत सौभाग्यवतींशी तासभर बोलत असे. यंदा मुलगाच आला होता. “आजीचे गुडघे दुखतात,” म्हणाला. सौभाग्यवतींनी डबा रिकामा करून त्यात दुधाचा गडवा बसतो का पाहिले, बसेना. मग वेगळ्या पिशवीत मसाल्याचे दूध दिले आणि ते सांडणार नाही असे बेताने धरावयास सांगून त्याला फाटकापर्यंत पोचविले.