तीट लावलेली पाखरं

2025 चा फेब्रुवारी संपत आला होता. मुंबई-ठाण्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिलेला तो आठवडा. सकाळी साडेदहाला झाईच्या बंदरावर पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटला होता. ओहोटीनं उघड्या पडलेल्या चिखलावर कुरव मात्र निवांत बसलेले. दीड-दोनशे तरी असतील. जाळं दुरुस्त करत बसलेला एक तरुण म्हणाला, "थंडीच पडली नाही ना यंदा, म्हणून रेंगाळलेत." मी मान डोलावली. परत येताना वाटलं, उगाच डोलावली.

आमच्या लहानपणी या पाखरांना कुरव म्हणतात हे ठाऊक नव्हतं. वडील तलासरीत नोकरीला, आत्या झाईला. दिवाळीच्या सुट्टीत एसटीनं बोर्डीपर्यंत आणि पुढे सुरूच्या सावलीतून पायी. त्या वाटेवर कधीतरी लाटांवर पांढरे ठिपके हलताना दिसत, आणि घरात शिरल्या शिरल्या आम्ही आत्याला बातमी द्यायचो. ती म्हणायची, "आली का? मग गोधड्या उन्हात घाला." तिचं हवामान खातं तेवढंच होतं. पाखरं आली की थंडी आली, पाखरं गेली की गेली.

थंडीही तशी असायची. वलांडीवर बोंबील टांगायला बायका डोक्याला फडकी गुंडाळून निघत. उत्तरेचा कोरडा वारा सुटला की बोंबील खडखडीत वाळायचे. वलांडीजवळ काठी घेऊन बसायचं काम आम्हा पोरांचं, ते कावळ्यांसाठी. कुरव तिकडे फिरकत नसत. त्यांचं लक्ष होड्यांवर. होडी खाडीत शिरली, कोणी जाळ्यातला कचरा पाण्यात झटकला की शंभर पंख एकदम खाली. एकदा त्यातला एक अगदी हाताच्या अंतरावर काठीच्या टोकावर येऊन बसला. लाल चोच, लाल पाय, पांढरंशुभ्र डोकं आणि कानामागे एक काळा ठिपका. आत्या म्हणाली, "बघ, याच्या आईनं तीट लावून पाठवलाय." अजूनही दुर्बिणीतून पाहताना मला आधी ती तीटच दिसते.

होळीच्या सुमारास त्या तिटेचं टोपडं होई. ठिपका पसरत पसरत सगळं डोकं गडद होत जायचं आणि मग एक दिवस पाखरं नाहीशी. नाव 'काळ्या डोक्याचा कुरव' असलं तरी ते टोपडं नीट पाहिलं तर चॉकलेटी असतं. नाव ठेवणारा बहुधा लांबून बघत असावा. याच्यासोबत येणारा तपकिरी डोक्याचा कुरव थोडा दांडगा, डोळा फिकट.

आता त्या तरुणाच्या बोलण्याकडे येतो. तपकिरी डोक्याचा कुरव घरटं करतो ते लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांवर. फेब्रुवारीत ती तळी गोठलेली असतात. झाईला घामाच्या धारा लागल्या म्हणून तिकडचं बर्फ वितळत नाही. लवकर जाऊन करायचं काय? निघायची वेळ ठरते ती मुख्यतः दिवस किती लांबला यावर. दिवस वाढू लागला की अंगात चरबी साठते, पिसं बदलतात, टोपडं चढतं. ऊब, वारा, खाणं यांनी काही दिवस इकडे-तिकडे होतात, पण पंचांग सूर्याचं. त्या दिवशी बंदरावरच्या बहुतेकांची अजून तीटच होती. ते रेंगाळले नव्हते, वेळेवरच होते. वेळेआधी निघून गेली ती थंडी. भारतात 1901 पासूनच्या नोंदींत सरासरी तापमानानं सर्वात उष्ण ठरलेला फेब्रुवारी तोच, 2025 चा.

माझ्या आठवणींवरही फार भरवसा ठेवू नये. 'होळीला जायची' असं मी छातीठोकपणे सांगतो, पण होळी स्वतःच मार्चभर मागेपुढे सरकते आणि वहीत कोणी काही टिपलेलं नाही. शिवाय मे महिन्याच्या सुट्टीतही चिखलावर काही लांब चोचीचे पक्षी हमखास दिसत. मोठी माणसं म्हणत, आजारी असतील, मागे राहिले. आता कळतं की त्या कुरल्या असणार. कुरल्या, चिखल्या यांची पहिल्या वर्षाची पोरं बऱ्याचदा उन्हाळाभर इथेच राहतात. घरटं करायचं वय नाही, तर एवढा प्रवास कशाला? म्हणजे रेंगाळणं काही आजचं नाही. तेव्हा ते आम्ही मोजत नव्हतो, एवढंच.

बदललं आहे ते दुसरंच. बोर्डीच्या पुळणीवर शनिवार-रविवारी गाड्या लागतात, पाहुणे कुरवांना गाठ्या उडवतात आणि फोटो काढतात. मासा खाणाऱ्या पाखराला बेसन आणि मीठ! खाली दक्षिणेला, याच डहाणू तालुक्यात, वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला झाली. त्यासाठी समुद्रात 1,448 हेक्टर भराव पडायचा आहे. कुरव कुठेही पोट भरेल, हवं तर गाठ्यांवर. ओहोटीच्या चिखलात चोच खुपसून जगणाऱ्या कुरल्यांना ती सोय नाही.

होळीनंतर पुन्हा गेलो. आत्या आता नाही, आतेबहीण आहे. ओसरीवर तिनं पंखा लावून दिला आणि चहा ठेवायला आत गेली. पाडवा तोंडावर होता. खाडीत दहा-बाराच उरले होते, चॉकलेटी टोपडी घातलेले. मी ओरडून सांगितलं, "अगं, अजून आहेत थोडे."

आतून आवाज आला, "असू देत. गोधड्या मी संक्रांतीलाच धुऊन ठेवल्यात."