आधी आपला आड पाहावा

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हे आपण नेहमी दुसऱ्याला उद्देशून म्हणतो. पुढाऱ्याविषयी म्हणतो, मास्तरांविषयी म्हणतो, शेजाऱ्याविषयी तर हटकून म्हणतो. वाचकहो, ज्याच्या शब्दावर चार माणसे चालतात त्याने हे वाक्य कधीतरी स्वतःला लावून पाहावे, असे मला मनापासून वाटते. मग तो ख्रिस्ती मंडळीचा पंच असो, दूध सोसायटीचा चेअरमन असो, बचत गटाची अध्यक्षा असो, नाहीतर घरातला कर्ता असो.

येशू ख्रिस्ताने कुसळ आणि मुसळ यांचा दाखला दिला तो याचसाठी. त्यातला अर्धा भाग आपण विसरतो. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढूच नका, असे त्याने सांगितलेले नाही. आधी आपले मुसळ काढा, म्हणजे नीट दिसेल, आणि मग भावाचे कुसळ काढायला जा, असा त्याचा क्रम आहे. स्वतःकडे पाहायचे ते कुढत बसण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्याच्या कामी नीट यावे म्हणून.

हे ज्यांनी करून दाखवले अशांपैकी एक बाई आपल्याच मुलखातल्या. पुणे जिल्ह्यात दौंडच्या अलीकडे केडगाव आहे, तिथे मुक्ती मिशन उभे करणाऱ्या पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ सालचा. बालपणीच संस्कृत तोंडपाठ झालेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. देशात आणि परदेशात नाव झालेले, हाताखाली शाळा चाललेली. अशा माणसाला आपल्यात काही उणे आहे असे वाटण्याचे कारण काय?

पण रमाबाईंना ते वाटले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. मते पटली होती, ग्रंथ वाचले होते, वादविवादात उत्तरे देता येत होती. आत मात्र समाधान नव्हते. त्याच सुमारास हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ पाळक होऊन कितीतरी वर्षे लोकांना उपदेश करीत होता आणि मग एके दिवशी त्याला कळले की आपण सांगतो ते आपल्याच ठायी नाही. रमाबाईंनी ते पुस्तक मिटून बाजूला ठेवले नाही. आपलीही गत तीच नाही ना, असे त्यांनी स्वतःला विचारले.

मला रमाबाईंचे मोठेपण विद्वत्तेपेक्षा या प्रश्नात दिसते. १९०७ साली छापलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे सारे उघड लिहिले. तेव्हा त्या शेकडो मुलींच्या आई होत्या. त्यांच्यावर टपून बसलेले लोकही काही थोडे नव्हते. १८९३ साली सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून पुण्यात गदारोळ झाला होता आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या होत्या. आपले उणे छापून देणे म्हणजे अशा लोकांच्या हाती काठी देणेच होते. तरी त्यांनी लिहिले.

स्वतःला ओळखणे म्हणजे फक्त दोष मोजणे नव्हे. आपल्यावर काय गुदरले आणि त्याने आपल्याला काय शिकवले, हेही त्यात येते. १८७४ साली रमाबाईंचे वडील आणि पाठोपाठ आई उपासमारीने गेली. पुढे थोरली बहीणही गेली. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळले नव्हते. म्हणून १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींची हकीगत कानी येताच त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. केडगावची जमीन आधीच घेतलेली होती. तिथे विहिरी खोदल्या, फळबाग लावली, मुलींना शेतीपासून छापखान्यापर्यंत सारी कामे शिकवली. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले, तेही भारदस्त संस्कृत शब्द बाजूला ठेवून, साध्या बायाबापड्यांना समजेल अशा भाषेत. १९२२ साली देह ठेवीपर्यंत त्या याच कामात होत्या. आपली विद्याच लोकांच्या आड येऊ शकते, हे ज्याला कळले त्यालाच असे करता येते.

आता तुम्ही म्हणाल, त्या रमाबाई होत्या, आम्ही साधी शेतकरी माणसे. पण यासाठी संस्कृत लागत नाही. बैठकीत कोणी आपल्याविरुद्ध बोलला आणि राग आला, तर रात्री अंथरुणावर पडल्यावर विचारावे : काम बिघडेल म्हणून राग आला, की माझा शब्द खाली पडला म्हणून? घरात आपल्याला न भिणारे एखादे माणूस असते, बहुधा बायको, नाहीतर म्हातारी आई. तिला विचारावे, माझ्यात काय खटकते? आणि उत्तर मिळाले की लगेच खुलासा करू नये. एखादी गोष्ट येत नसेल तर ‘मला हे येत नाही, तुम्ही सांगा’ असे चारचौघांत म्हणावे. पहिल्यांदा जीभ अडखळते, पण त्याने पत जात नाही.

भीती एकच असते, की आत पाहिले आणि रिकामेच निघाले तर? अशा वेळी पेत्राची आठवण ठेवावी. प्राण गेला तरी गुरूला सोडणार नाही म्हणणारा हा शिष्य एका रात्रीत तीन वेळा त्याला ओळखत नाही म्हणाला. आपण कोण आहोत हे त्याला कोंबडा आरवला तेव्हा कळले आणि तो रडला. पुढे येशूने त्याला तीनदा विचारले ते एवढेच, की माझ्यावर तुझी प्रीती आहे ना? आणि मेंढरे त्याच्याच हवाली केली. स्वतःची भरवशाची हाक फोल ठरलेली ज्याने पाहिली, तोच चुकलेल्या मेंढरावर काठी उगारताना थांबतो.

आडाचे पाणी आटले म्हणून कोणी आड बुजवीत नाही. उन्हाळ्यात त्याचा गाळ काढतात. मात्र ते काम काठावर उभे राहून होत नाही; कोणाला तरी दोर धरून आत उतरावेच लागते.