वहीतली उभी रेघ

बी.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत मी इतिहासात चांगले गुण मिळवत होते. पार्श्वभूमी, कारणं, स्वरूप, परिणाम या क्रमानं कोणत्याही लढाईवर किंवा चळवळीवर पाच पानं लिहिता आली की भागत असे. त्या पाच पानांतली माहिती आधी कुणाला, कुठे आणि कशातून कळली, हे परीक्षेत कुणी विचारत नसे, म्हणून मलाही तो प्रश्न पडत नसे. शेवटच्या वर्षी मार्गदर्शकांच्या हाताखाली स्वतंत्र संशोधन प्रकल्प करायची संधी मिळाली आणि तो प्रश्न रोजचा झाला. आज मी स्वतः कॉलेजात इतिहास शिकवते. कला शाखेनं मला जे जे दिलं, त्यात त्या प्रकल्पाला मी सर्वांत वर ठेवते.

माझा विषय होता वीरगळ. लढताना मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभारलेले हे कोरीव दगड सातारा, सांगली, कोल्हापूरकडे पुष्कळ गावांत दिसतात. कुठे मारुतीच्या देवळामागे, कुठे पाराला टेकवलेले, कुठे धुणं धुवायला आडवे टाकलेले. त्यावरची चित्रं बहुधा खालून वर वाचायची असतात. तळाच्या चौकटीत धारातीर्थी पडलेला वीर. शेजारी गाई कोरलेल्या असतील तर गुरं राखताना तो मेला, असं समजतात. त्यावर लढाई. त्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील. एवढी गोष्ट सांगणाऱ्या दगडावर त्या माणसाचं नाव मात्र आपल्याकडे सहसा नसतं. कर्नाटकातल्या कितीतरी वीरगळांवर लेख आहेत, त्यांत राजाचं नाव आणि शकाचं वर्ष सापडतं. महाराष्ट्रातले बहुतेक वीरगळ मुके आहेत.

माझ्या कागदावर शीर्षक होतं 'महाराष्ट्रातील वीरगळ'. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिला शब्द खोडला आणि तिथे आमच्या तालुक्याचं नाव लिहिलं. "सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळच्या एसटीनं घरी येता येईल, एवढीच गावं धर," त्या म्हणाल्या. "पण त्या गावांतला एकही दगड सुटता कामा नये." महाराष्ट्राबद्दल बोलणारे पुष्कळ होते. त्या मोजक्या गावांतल्या दगडांबद्दल मात्र काही महिन्यांनी माझ्याइतकं कुणालाच ठाऊक असणार नव्हतं. पदवीच्या मुलीला अशी एखादी जागा मिळवून देणं, हे मार्गदर्शकाचं पहिलं काम असं मी आता मानते.

मग त्यांनी माझ्या वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ मारली. डावीकडे डोळ्यांना दिसतं ते लिहायचं. उजवीकडे गावातले लोक सांगतात ते, सांगणाऱ्याच्या नावानिशी. मला काय वाटतं, त्याला दोन्हीकडे जागा नव्हती. ते घरी गेल्यावर, वेगळ्या पानावर.

एका गावात वेशीजवळ कमरेइतक्या उंचीचा वीरगळ होता. शेंदराचे आणि तेलाचे थर चढून तळाची चौकट पार बुजलेली. शेंदूर खरवडायचा नाही, पीठ किंवा खडू लावून चित्र उठवायचं नाही, अशी मॅडमची सक्त ताकीद होती. "तो दगड आधी गावाचा आहे, मग तुझ्या प्रकल्पाचा." त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी ऊन कलायची वाट पाहत बसले. तिरपं ऊन बाजूनं पडू लागलं तसा दुपारी सपाट वाटणारा दगड हळूहळू उमटत गेला. आधी ढालीची गोल कड, मग उगारलेला हात, मग कमरेला आवळलेल्या वस्त्राच्या चुण्या. मी डावीकडे लिहिलं: 'दुसरी चौकट. दोन आकृती. एकीच्या हातात ढाल. शस्त्र झिजलेलं, तलवार की भाला, कळत नाही.' 'कळत नाही' हे शब्द मी उत्तरपत्रिकेत कधी लिहिले नव्हते. इथे ते लिहिणं हाच प्रामाणिकपणा होता.

शेजारच्या घरातल्या आजी बाहेर आल्या. "ह्यो आमचा ईर हाय. घरात लगीन झालं की नवरा-नवरीनं पयला नारळ हितं फोडायचा." हा कोण होता, असं विचारल्यावर म्हणाल्या, "गावासाठी मेला. नाव कुणाला ठावं, बाळ!" नाव नाही, घराणं नाही, साल नाही, तरी गावानं लग्नाचा पहिला मान त्याला दिलेला आहे. हे डाव्या रकान्यात कधीच आलं नसतं. वही भरत गेली तसं समजत गेलं, की दगडावर काय कोरलं आहे आणि लोक त्याला काय मानतात, ही दोन्ही इतिहासाचीच साधनं आहेत. पण एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर टाकायचा नसतो.

काळ ठरवताना या शिस्तीचा खरा कस लागला. असे दगड दिसले की सर्रास 'यादवकालीन' म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. मॅडम प्रत्येक वेळी विचारत, "कशावरून?" लेख नाही, तर मग वेशभूषा बघायची, शस्त्रं बघायची, जवळच्या देवळाची घडण बघायची, काळ माहीत असलेल्या दगडांशी ताडून पाहायचं. त्यासाठी शं. गो. तुळपुळे यांचं १९६३ सालचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख' चाळलं. सेट्टर आणि सोन्थायमर यांनी १९८२मध्ये संपादित केलेला स्मृतिशिलांवरचा इंग्रजी ग्रंथ शब्दकोश जवळ ठेवून वाचला. बोरिवलीच्या एकसर गावातल्या वीरगळांवर नौकायुद्ध कोरलेलं आहे. ते एवढे प्रसिद्ध, तरी ती लढाई नेमकी कोणती यावर अभ्यासकांचं एकमत नाही, हे कळल्यावर मला मोठा धीर आला. शेवटी मी लिहिलं, की काही दगड शेजारच्या देवळांच्या घडणीवरून बाराव्या-तेराव्या शतकाच्या आसपासचे असावेत. बाकीच्यांचा काळ हाती असलेल्या पुराव्यावरून सांगता येत नाही. वाक्य रुक्ष आहे, पण त्यातल्या प्रत्येक शब्दामागे दाखवायला काहीतरी आहे.

त्यातली बरीच गावं मॅडमनी पूर्वीच पाहिलेली होती. मनात आणलं असतं तर सगळी उत्तरं त्या एका बैठकीत देऊ शकल्या असत्या. पण त्या माझं टिपण शांतपणे वाचत, पेन्सिलीनं एखाद्या वाक्याखाली रेघ ओढत आणि मला परत त्याच दगडाकडे पाठवत. ठाऊक असून न सांगणं आणि तरीही विद्यार्थ्याला वाऱ्यावर न सोडणं, हे अध्यापनातलं सर्वांत अवघड काम आहे. संशोधनातलं स्वातंत्र्य अशा कुणाच्या तरी नजरेखालीच रुजतं.

आपल्याकडे याची परंपरा जुनी आहे. वि. का. राजवाडे कागदपत्रांसाठी गावोगाव हिंडले आणि १८९८मध्ये त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. साधनं आधी, निष्कर्ष नंतर, हा धडा त्यांनी घालून दिला. तो पदवीच्या वर्गापर्यंत मात्र क्वचितच पोचला.

आता तो पोचायची संधी आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०२२मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा जाहीर केला. त्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग घेता येतो आणि त्यात १२ श्रेयांकांचा प्रकल्प किंवा प्रबंध असतो. मी याचं मनापासून स्वागत करते. पण ७५ टक्क्यांची अट मला पटत नाही. पाच पानं पाठ असण्याचे गुण वेगळे आणि उन्हं कलेपर्यंत दगडासमोर बसून राहण्याचे वेगळे. पंचावन्न टक्क्यांवर असलेली, पण आजीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी मुलं मी दरवर्षी वर्गात पाहते. छोटा का होईना, एक प्रकल्प प्रत्येकाला करायला मिळाला पाहिजे. आणि तो तयार फाइल विकत आणून पुरा होऊ नये, यासाठी प्राध्यापकांच्या वेळापत्रकात मार्गदर्शनाचे तास खरोखर मोकळे ठेवले पाहिजेत.

विद्यार्थ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की चौथ्या वर्षाची वाट पाहू नका. देवळांचे जीर्णोद्धार होत आहेत, रस्ते रुंद होत आहेत आणि वीरगळ हलवले जात आहेत, पायात गाडले जात आहेत. त्यांची नोंद ठेवायला सरकार गावागणिक माणूस नेमू शकत नाही. त्या गावांतून रोज कॉलेजला येणारे तुम्ही मात्र आहात.