अभिषेकाचे तेल : काही टिपणे

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 30व्या अध्यायात अभिषेकाच्या तेलाची कृतीच दिली आहे. गंधरस 500 शेकेल, दालचिनी 250, सुगंधी वेखंड 250, तज 500 आणि एक हिन (द्रवाचे जुने माप) जैतुनाचे तेल. शेकेल साडेअकरा ग्रॅमच्या आसपास धरला तर नुसती द्रव्येच 17 किलो भरतात. पुढे लगेच ताकीद आहे : असे तेल स्वतःच्या वापरासाठी कोणी करू नये. 'बायबलमधली तेले' म्हणून कुप्यांचे संच विकले जातात, तेव्हा ही ताकीद कुठेच दिसत नाही.

*

त्या काळी मुळ्या, साली, डिंक तेलात मुरवत. वाफेने अर्क उतरवण्याची रीत पुष्कळ नंतर रुळली, आणि 'अरोमाथेरपी' हे नाव तर 20व्या शतकात फ्रेंच रसायनतज्ज्ञ गातफोसे यांनी दिले.

*

बेथानीची मरिया येशूच्या पायांना जटामांसीचे तेल लावते आणि आपल्या केसांनी पुसते. घरभर वास दरवळतो, असे शुभवर्तमानात योहान सांगतो. तेलाची किंमत 300 दिनार. मजुराला दिवसाचा एक दिनार मिळे, म्हणजे ही जवळजवळ वर्षभराची कमाई. अभ्यासक या तेलाचे मूळ हिमालयातल्या जटामांसीत शोधतात. दिवाळीच्या उटण्यात आपण घालतो तीच ही वनस्पती. डोंगरउतारावरून खणलेले मूळ किती हातांतून यरुशलेमेजवळच्या त्या घरात गेले असेल! शिष्य यहूदा म्हणतो, हे पैसे गरिबांना द्यायचे. येशू म्हणतो, हे माझ्या दफनासाठी आहे. इथे कोणाचा आजार बरा करायचा नव्हता. जाणाऱ्या माणसावर तिने आपले सगळ्यात मोलाचे ओतले. सुगंधाविषयी याहून खोल काही मी वाचलेले नाही.

*

गंधरस म्हणजे आपल्याकडे बाळंतिणीला देतात तो बोळ. क्रुसाजवळ येशूला बोळ घातलेला द्राक्षारस देऊ केला. तो त्याने घेतला नाही. यहूदी पुढारी निकदेम दफनासाठी बोळ आणि अगरू घेऊन आला, सुमारे 33 किलो.

*

आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा, असे याकोबाच्या पत्रात आहे. कॅथलिक चर्चमध्ये पवित्र आठवड्यात बिशप तीन तेले सिद्ध करतात : आजाऱ्यांचे, दीक्षार्थींचे आणि ख्रिझम. बाल्सम हे सुगंधी द्रव्य मिसळतात ते फक्त ख्रिझममध्ये, म्हणजे बाप्तिस्मा, दृढीकरण, धर्मगुरूंची दीक्षा यांसाठीच्या तेलात. आजाऱ्यांच्या तेलात सुगंध घालण्याची रीतच नाही. जैतुनाचे तेल मिळत नसेल तर दुसरे वनस्पतीतेल चालेल, अशी मुभा पोप पॉल सहावे यांनी 1972 मध्ये दिली. भर आहे तो प्रार्थनेवर, कपाळावर आणि तळहातांवर टेकणाऱ्या हातावर. वासाने रोग जातो असे चर्चने इथे म्हटलेले नाही.

*

ऊद हाही बायबलमधला डिंक, ओमानच्या धोफारमधला, सोमालियातला. सांधेदुखीवर ज्यांचा अभ्यास झाला ती बॉसवेलिक आम्ले जड असतात. ती डिंकातच राहतात, वाफेने काढलेल्या तेलात जवळपास उतरत नाहीत. डिंकाचे गुण तेलाच्या कुपीवर छापणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, आणि त्यासाठी बायबल वापरणे मला अधिक लागते.

*

प्रार्थनेच्या खोलीत सुगंध जरूर असू द्या. पण कुप्यांतली अर्कतेले पोटात घेऊ नका, तान्ह्या बाळाला लावू नका, त्यांच्या भरवशावर चालू औषध थांबवू नका. जटामांसी मुळासकट उपटली जाते आणि आज ती अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आहे. विकत घेताना ती लागवडीची आहे ना, एवढे दुकानदाराला विचाराच.