बुखार
अब्बांच्या इंतकालानंतर अम्मी रोज संध्याकाळी म्हणायची, "बुखार आहे गं." थर्मामीटर 98च्या पुढे सरकत नसे. डॉक्टरही म्हणाले, ताप नाही. मी चिडायचे.

एकदा वर्गात उर्दूच्या धड्यात 'बुखारात' शब्द आला, म्हणजे वाफा. अरबीत 'बुखार' म्हणजे वाफच. तापाला तिथे 'हुम्मा' म्हणतात. 'ताप' हा अर्थ आपल्या उर्दूतला. आणि 'दिल का बुखार निकालना' म्हणजे मनात कोंडलेलं बोलून टाकणं. मुलांना हे समजावताना माझाच आवाज अडखळला. मराठीतल्या 'ताप'ला ही वाफ नाही, तिथे नुसती उष्णता; फार तर डोक्याला ताप!

त्या संध्याकाळी थर्मामीटर काढलाच नाही. चहा ठेवला, अब्बांचा विषय काढला. इशाची अजान झाली तरी अम्मी बोलतच होती.